समेट झाला, तरी खटला का संपत नाही?

पतिपत्नींमध्ये समेट झाला की त्यांच्यातील पोलीस केसही आपोआप मिटते, असा समज आपल्या धर्मग्रामांत सर्वत्र आढळतो. धर्मगुरूंच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीने दोन्ही घरची माणसे एकत्र बसतात, मनातील किल्मिष निघून जाते. मुलगी पुन्हा नांदायला जाते, अथवा दोघेही सामंजस्याने वेगळे व्हायचे ठरवतात. स्टॅम्प पेपरवर सह्या होतात. मग एके दिवशी समन्स येते, नवऱ्याला आणि सासूसासऱ्यांना आरोपी म्हणून न्यायालयात उभे राहावे लागते आणि घरात संशयाचे वारे नव्याने वाहू लागते. 'केस मागे घेतली असे तू म्हणाली होतीस ना?' या प्रश्नाला ती बिचारी काय उत्तर देणार? तिने पोलीस ठाण्यात खरोखरच अर्ज दिलेला असतो. परंतु त्या अर्जाने खटला संपत नाही, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

हा विषय वकिलांचा आहे, त्यात धर्मगुरूंनी कशाला पडावे, असे काही वाचकांना वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. समेट घडवून आणण्यात ख्रिस्तसभेचा वाटा असेल, तर त्या समेटानंतर पुढे काय करावे लागते हेही तिला ठाऊक असले पाहिजे. अर्धवट माहितीवर उभा केलेला समेट फार काळ टिकत नाही.

मुळात हा खटला कोणाचा, येथून सुरुवात करू या. पती किंवा सासरच्या मंडळींकडून होणारा विवाहितेचा छळ हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ खालील गुन्हा. हे कलम १९८३ साली संहितेत घालण्यात आले आणि त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला ते अमलात आले. नाताळच्या दिवशीचा हा योगायोग आम्हांला नेहमीच विचार करायला लावतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तेच कलम आता ८५ आणि ८६ या क्रमांकांखाली आहे. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनेच कलम लागू राहते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. गुन्हा अजामीनपात्र आहे.

फिर्याद पत्नी देते, पण खटला चालवते सरकार. न्यायालयाच्या कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असे लिहिलेले असते, 'पत्नी विरुद्ध पती' असे नसते. गुन्हा हा केवळ एका व्यक्तीवरचा अन्याय नसून समाजाविरुद्धचे कृत्य आहे, ही फौजदारी कायद्याची मूळ धारणा. म्हणून फिर्यादीने नुसते 'माझी तक्रार राहिली नाही' म्हटल्याने सरकारचा खटला थांबत नाही. कायद्याने काही गुन्ह्यांची यादी दिली आहे, ज्यांत पीडित व्यक्ती आरोपीशी तडजोड करू शकते. पूर्वी ही यादी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती, आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. साधी दुखापत त्या यादीत आहे. विवाहितेचा छळ नाही. आंध्र प्रदेशाने २००३ साली आपल्या राज्यापुरती दुरुस्ती करून न्यायालयाच्या परवानगीने या गुन्ह्यात तडजोडीची वाट मोकळी केली होती. केंद्रीय कायद्यात ती तरतूद नाही.

त्यामुळेच असे प्रकरण लोकअदालतीत नेऊनही मिटत नाही. कायद्याने तडजोडयोग्य नसलेला गुन्हा लोकअदालतीच्या कक्षेतच येत नाही. कित्येक कुटुंबे ही पायरी चढून रिकाम्या हाताने परत येतात.

हे कुलूप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उठतो. उत्तर सोपे आहे. फिर्याद मागे घेणे केवळ पत्नीच्या हाती असते, तर ती मागे घेण्यासाठी तिच्यावर किती दडपण आले असते, याची कल्पना करावी. सकाळी नोंदविलेली तक्रार संध्याकाळपर्यंत नाहीशी झाली असती. सासरचे सोडाच, माहेरची माणसेसुद्धा 'धाकट्या बहिणीच्या लग्नाचे बघ' म्हणून तिच्या मागे लागली असती. तेव्हा कुलूप योग्यच आहे, असे आमचे मत आहे. अडचण एवढीच, की खराखुरा समेट झालेल्या जोडप्यालाही तेच कुलूप अडवते.

त्याची किल्ली उच्च न्यायालयाकडे आहे. न्यायाचा हेतू साध्य व्हावा आणि न्यायप्रक्रियेचा गैरवापर होऊ नये, यासाठी उच्च न्यायालयाला अंगभूत अधिकार आहेत. ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये नमूद होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहेत. तडजोडीच्या आधारे छळाचा खटला या अधिकारात रद्द करता येतो का, याबद्दल दीर्घकाळ मतभेद होते. २००३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर बी. एस. जोशी विरुद्ध हरियाणा राज्य हे प्रकरण आले. पत्नीने स्वतःच वाद मिटल्याचे सांगून खटला रद्द व्हावा असे म्हटले होते. उच्च न्यायालयाने मात्र गुन्हा तडजोडयोग्य नाही एवढ्याच कारणास्तव नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नकार बाजूला सारला. विवाहितेला संरक्षण देण्यासाठी केलेल्या कायद्याचा इतका काटेकोर अर्थ लावू नये की तो तिच्याच हिताच्या आड येईल, असा त्या निर्णयाचा आशय होता.

पुढे या निर्णयाविषयीही शंका उपस्थित झाल्या आणि प्रश्न तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे गेला. ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २०१२ च्या सप्टेंबरमध्ये त्या पीठाने स्पष्ट केले की तडजोड करणे आणि खटला रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तडजोड पक्षकार करतात आणि तिला कायद्याच्या यादीची मर्यादा असते. खटला रद्द करते ते उच्च न्यायालय, स्वतःच्या अधिकारात आणि स्वतःचे समाधान झाल्यावर. खून, बलात्कार, दरोडा अशा गंभीर गुन्ह्यांत पक्षकारांच्या समझोत्याला स्थान नाही. वैवाहिक कलहातून उद्भवलेल्या प्रकरणांत ते असू शकते.

आमच्या विषयाचा गाभा या भेदात आहे, म्हणून वाचकांनी तो नीट ध्यानात घ्यावा. पतिपत्नींनी 'आमचे मिटले' म्हणणे ही न्यायालयाच्या दृष्टीने केवळ एक माहिती आहे. ते खरेच मिटले आहे का, कोणाच्या मनाने मिटले आहे, हे न्यायालय स्वतः पाहते.

२०१७ साली थोड्या काळापुरती एक सोय झाली होती. राजेश शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समझोता झाल्यास जिल्हा न्यायाधीशांनाच असा खटला बंद करण्याची मुभा दिली. परंतु २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो भाग बदलला आणि समझोता झालेल्या पक्षकारांनी उच्च न्यायालयाकडेच जावे असे सांगितले. काही जुन्या जाणत्यांच्या स्मरणात अजून २०१७ चाच निर्णय असल्यामुळे ते लोकांना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज करायला सांगतात. तो सल्ला आता उपयोगाचा नाही.

उच्च न्यायालयात जायचे म्हणजे खर्च आणि हेलपाटे आलेच. वसई-पालघरच्या कुटुंबाला चर्चगेटची लोकल पकडून मुंबईच्या फोर्टात जाता येते. नाशिककरांनाही मुंबईच गाठावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील बंधुभगिनींना छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावे लागते आणि गोव्यातील जोडप्यांसाठी तेथेच खंडपीठ आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील लोकांची मुंबईची लांबची वाट १८ ऑगस्ट २०२५ पासून वाचली. त्या दिवशी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले. या ओढाताणीची जाणीव न्यायालयालाही आहे. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, संमतीने खटला रद्द करून मागणारे असे अर्ज दररोज किमान दहा तरी येतात, गावोगावच्या लोकांना त्यासाठी प्रवास, खर्च आणि रजा सोसावी लागते, हे नमूद करून या गुन्ह्यात न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता यावी याचा केंद्र सरकारने विचार करावा, असे सुचविले होते. कायद्यात तो बदल झालेला नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. अर्ज साधारणतः पती आणि त्याचे आरोपी नातेवाईक करतात. शासन आणि फिर्यादी पत्नी हे त्यात प्रतिवादी असतात. पत्नी आपले प्रतिज्ञापत्र सादर करते, त्यात समझोत्याच्या अटी आणि खटला रद्द होण्यास हरकत नसल्याचे ती नमूद करते. न्यायमूर्ती बहुधा तिच्याशी स्वतः बोलतात: हे प्रतिज्ञापत्र तुम्ही वाचले आहे का, ते तुम्हांला समजले का, कोणाच्या दबावाखाली तर केले नाही ना, ठरलेली रक्कम मिळाली का. गुन्ह्याचे स्वरूप, दुखापत किती गंभीर होती आणि खटला कोणत्या टप्प्यावर आहे, हेही पाहिले जाते. नरिंदर सिंग प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा टप्पा महत्त्वाचा मानला: तपास चालू असताना किंवा दोषारोपपत्र नुकतेच दाखल झालेले असताना आलेला समझोता न्यायालय अधिक उदारपणे स्वीकारू शकते. म्हणून समेट झाल्यावर वर्षानुवर्षे थांबून राहण्यात अर्थ नसतो.

विवाहितेचा मृत्यू झालेला असेल, तर चित्र पूर्ण बदलते. जिच्यावर अन्याय झाला ती क्षमा करायला उरलेलीच नाही, मग तिच्या वतीने कोण करणार? आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा फिर्यादीशी झालेल्या समझोत्यावरून रद्द करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. मुलीच्या आईवडिलांना चार पैसे देऊन असे प्रकरण मिटवायला निघालेल्यांना कोणत्याही धर्मगुरूने साथ देऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

आता एका आडवाटेविषयी लिहिणे भाग आहे. उच्च न्यायालयाचा खर्च आणि खटपट टाळण्यासाठी पत्नीला सुचविले जाते, 'तू साक्षीला उभी राहा आणि असे काही घडलेच नाही म्हणून सांग. केस आपोआप सुटेल.' हा सल्ला देणारे पुष्कळदा सज्जन असतात. आपण एक संसार वाचवत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. परंतु जे घडले ते घडलेच नाही असे ईश्वराच्या नावाने शपथ घेऊन सांगणे ही खोटी साक्ष आहे. आठव्या आज्ञेचा भंग आहे आणि कायद्यानेही गुन्हा आहे. न्यायालयीन कामकाजात खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. याहूनही गंभीर बाब म्हणजे त्या एका वाक्याने ती बाई स्वतःला खोटी ठरविते. पुढे पुन्हा हात उगारला गेला तर तिच्या तक्रारीवर कोण विश्वास ठेवणार? उच्च न्यायालयाच्या मार्गात तिला असे काही म्हणावे लागत नाही. 'आमचा वाद मिटला आहे, मला हा खटला पुढे चालवायचा नाही' एवढेच सत्य सांगून काम होते. घडलेले नाकारण्याची तेथे गरज नाही. क्षमा करणाऱ्याने अपराध झालाच नाही असे म्हणावे, अशी अपेक्षा प्रभू येशूनेही कोणाकडून केली नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात बंधूचा अपराध त्याला दाखवून देण्यापासूनच समेटाची सुरुवात होते.

त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रतिपक्षाशी वाटेतच समेट करण्याचा उपदेश आहे आणि संत पौलानेही करिंथ येथील ख्रिस्ती बांधवांना आपसातील वाद न्यायालयात नेल्याबद्दल खडसावले आहे. ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेचे कलम १४४६ सर्व श्रद्धावंतांना, आणि प्रथम महागुरुस्वामींना, शक्य तेथे वाद शांततेने मिटविण्यास सांगते. या वचनांचा आधार घेऊन छळ सोसणाऱ्या पत्नीला 'केस मागे घे आणि नांदायला जा' असे सांगितले जाते, तेव्हा मात्र आमचे मन खट्टू होते. तीच विधिसंहिता कलम ११५३ मध्ये म्हणते की जोडीदारामुळे शरीराला वा आत्म्याला, स्वतःला वा मुलांना गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास रास्त कारण आहे. कलम ११५५ प्रमाणे निरपराध जोडीदाराने दुसऱ्याला पुन्हा सहजीवनात घेणे प्रशंसनीय आहे. प्रशंसनीय, बंधनकारक नव्हे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या 'अमोरिस लेतिसिया' या प्रबोधनपत्रात, दुर्बल जोडीदाराचे आणि लहान मुलांचे हिंसेपासून रक्षण करण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरू शकते, हे मान्य केले आहे.

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती त्या स्त्रीला जो प्रश्न विचारतात, तोच प्रश्न धर्मग्रामाच्या कार्यालयात तिला आधी विचारला गेला पाहिजे: बाई, हे तुमच्या मनाने आहे का? आणि तो तिला एकटीला विचारावा. नवरा, सासू, भाऊ समोर बसलेले असताना तिने मान हलविली, तर तिला संमती समजू नये.

समेटाचे स्वरूपही पाहावे लागते, कारण त्यानुसार पुढची वाट वेगळी होते. दोघे पुन्हा एकत्र राहणार असतील, तर काही महिने खरोखर नांदून पाहावे आणि मग अर्ज करावा, असे आम्ही सुचवू. घाई नवऱ्याकडची असते. त्याला पासपोर्टचे नूतनीकरण करायचे असते, आखातातील किंवा जहाजावरील नोकरी खुणावत असते. ही निकड खोटी नाही. फौजदारी खटला प्रलंबित असताना पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो आणि परदेशी जाण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. परंतु जहाज पकडण्यापुरताच केलेला समेट ओळखणे फारसे कठीण नसते. अधूनमधून जायचे असल्यास खालच्या न्यायालयाकडे परवानगी मागता येते. त्यासाठी पत्नीकडून घाईघाईने सही घेण्याचे कारण नाही.

दोघे वेगळे होणार असतील, तर एक गैरसमज आधी दूर करायला हवा. फौजदारी खटला रद्द झाला म्हणजे घटस्फोट झाला असे नव्हे. ख्रिस्ती दांपत्यांना परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद २००१ च्या दुरुस्तीने भारतीय घटस्फोट कायद्यात कलम १०-अ म्हणून आली. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. कलमाच्या मजकुरात अर्जापूर्वी दोन वर्षे विभक्त राहण्याची अट आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ती एक वर्षावर आणली. ख्रिस्तसभेचे विवाहविषयक न्यायासन हा आणखी निराळा विषय. तेथे विवाह मुळातच वैध होता का हे तपासले जाते, आणि त्या निर्णयाला नागरी कायद्यात घटस्फोटाचे स्थान नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मॉली जोसेफ प्रकरणात आणि पुन्हा २०१७ साली सांगितले आहे. उलट दिवाणी न्यायालयाच्या घटस्फोटाने संस्काराचे बंधन सुटत नाही. थोडक्यात, तीन दारे आहेत आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

समझोत्याच्या कागदावर तिचे दागिने, रक्कम, मुलांचा ताबा आणि भेटीच्या वेळा स्पष्ट लिहाव्यात. मुलांच्या पोटगीचा हक्क आईने सोडून दिला असे लिहून घेणाऱ्यांपासून सावध राहावे; तो हक्क मुलांचा आहे. रक्कम हप्त्यांनी द्यायची असल्यास शेवटचा हप्ता खटला रद्द होण्याच्या दिवशी, न्यायालयासमोर, डिमांड ड्राफ्टने देण्याची पद्धत आहे आणि ती दोन्ही पक्षांना सोयीची असते. समझोत्याचे सारे फायदे घेऊन नंतर पत्नीने खटला चालूच ठेवला, तर सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली रुची अगरवाल प्रकरणात केले तसे न्यायालय तो प्रक्रियेचा गैरवापर मानून रद्द करू शकते. दिलेला शब्द दोघांनाही बांधतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्ज किंवा पोटगीचा दावा वेगळा चालू असेल, तर तोही नावानिशी कागदावर यावा, नाहीतर एक मिटते आणि दुसरे तसेच राहते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणत्याही भगिनीने निराधार सहीवर अंगठा उमटवू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात आणि उच्च न्यायालयातही त्यासाठी कार्यालय असते. नवऱ्याने नेमलेला वकीलच तिचेही प्रतिज्ञापत्र लिहून देतो, असा प्रकार सर्रास चालतो. तिने आपला वकील वेगळा घ्यावा.

न्यायालयाने आदेश दिला की त्याची प्रमाणित प्रत काढून ज्या न्यायालयात खटला चालू होता तेथे आणि संबंधित पोलीस ठाण्यात स्वतः नेऊन द्यावी व पोच घ्यावी. एक प्रत घरी जपून ठेवावी. पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या चौकशीच्या वेळी जुनी नोंद पुन्हा समोर आली, तर हाच कागद दाखवावा लागतो.